अंगठ्यापासून ओठापर्यंत

सदाशिव पेठेत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची फिट सुरू होते ती डाव्या अंगठ्यापासून. आधी अंगठ्यात मुंग्या, मग तर्जनीत, आणि तिथून थेट ओठाच्या डाव्या कोपऱ्यात. दंड नाही, खांदा नाही, मान नाही. कधी सगळं ओठापाशीच थांबतं, कधी शुद्ध हरपते. अंगठ्याला मुंग्या आल्या की त्या पहिल्यांदा हातातली सुई कापडात खोचून ठेवतात, पायाखालचं मशीन थांबवतात आणि जमिनीवर बसून घेतात. "मधला हात टाळून मुंग्या तोंडात कशा जातात हो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या घरच्यांना हा भास वाटत आला आहे.

भास अजिबात नाही. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, माथ्यापासून कानाच्या दिशेने उतरणारी एक घडी असते. तिच्या मागच्या काठावर सगळ्या अंगाचा स्पर्श नोंदवला जातो, डाव्या अंगाचा उजव्या मेंदूत आणि उजव्याचा डाव्यात. वर माथ्याशी पाय, मग धड, दंड, हात, बोटं, अंगठा. आणि अंगठ्याला लागून चेहरा, ओठ, जीभ. अंगावर अंगठा आणि ओठ यांच्यात अख्खा हात आहे, मेंदूत मात्र ते शेजारी. फिटची विद्युत लाट मेंदूतल्या शेजाऱ्याकडे सरकते. बाई जे सांगतात ते शरीरशास्त्राच्या पुस्तकाइतकं अचूक आहे.

*

लंडनमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात हेच केलं: रुग्णांजवळ बसून फिट कुठे सुरू होते, कुठून कुठे जाते हे बारकाईने टिपलं. मेंदू उघडून न पाहता त्यावरून त्यांनी ताडलं, की आत अंगाची काहीतरी मांडणी असली पाहिजे. अशा सरकत्या फिटला आजही त्यांचंच नाव आहे.

*

१९०९. बाल्टिमोर. शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी अपस्माराच्या दोन रुग्णांच्या उघड्या मेंदूवर, ते जागे असताना, अगदी सौम्य वीज लावली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे शक्य होतं. त्या दोघांच्या फिटची सुरुवात हातातल्या संवेदनेने होत असे. घडीच्या मागच्या काठावर वीज टेकली तेव्हा हाताला कोणी शिवल्यासारखं वाटतं असं त्यांनी सांगितलं. हाताला कोणी शिवलेलं नव्हतं.

स्पर्श कातडीवर लागतो आणि कळतो डोक्यात, हे माणसाने माणसाला सांगितल्याची ही सुरुवातीची साक्ष. ती दिली फिट येणाऱ्या दोघांनी. त्यांच्याखेरीज ती कोणाला देता आली असती?

*

पुढे माँट्रियलमध्ये वायल्डर पेनफिल्ड. त्यांचा आणि एडविन बोल्ड्री यांचा निबंध १९३७चा. रुग्ण टेबलावर जागा, डॉक्टर एकेका ठिकाणी वीज टेकवणार, रुग्ण सांगणार, "जिभेला", "उजव्या करंगळीला". मग त्या ठिकाणी अंक लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी मेंदूवर ठेवायची. हेतू उपचाराचा होता: बिघडलेला भाग काढताना हात किंवा बोलणं जाऊ नये. नकाशा त्यातून हळूहळू तयार झाला. हॉर्टेन्स कँटली यांनी काढलेलं ते चित्र, प्रचंड ओठ, प्रचंड अंगठा आणि इवलंसं धड असलेला माणूस, वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेलं असतं. ज्या भागाला बारीक स्पर्श जास्त कळतो, त्याला मेंदूत जागा जास्त.

त्या चित्राखाली पेनफिल्डचं नाव असतं. चिठ्ठ्या ठेवायला ज्यांचे शब्द लागले, त्यांचा उल्लेख "रुग्ण" एवढाच. मला हे खुपतं. कवटी उघडलेली असताना शांतपणे "करंगळी" म्हणणाऱ्या माणसाला मी संशोधकच म्हणेन.

*

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषधं नियमित मिळाली तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधं महाग नाहीत. फेनोबार्बिटोन १९१२पासून वापरात आहे.

*

टिळक रोड, संध्याकाळची गर्दी, बसथांब्याजवळ एक तरुण पडला. हातपाय ताठ, मग झटके. क्षणात लोक जमले. एकाने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. दुसरा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या आवळलेल्या मुठीत कोंबू लागला. "लोखंड द्या, लोखंड द्या" असं मागून कोणी ओरडत होतं. कांदा कुठे मिळेल याची चौकशी झाली. तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. पिशवीतली शाल घडी करून त्यांनी त्याच्या डोक्याखाली सरकवली, झटके ओसरल्यावर त्याला कुशीवर वळवलं आणि खांद्यावर हात ठेवून तिथेच बसून राहिल्या. कोणालाही तोंडात काही घालू दिलं नाही. पोराने डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं, तर "कोथरूडची गेली का?"

त्या घोळक्यात त्याला माणसासारखा हात लावणाऱ्या आजी एकट्याच होत्या. बाकीच्यांनी चप्पल लावली, किल्ल्या लावल्या. फिट स्पर्शाने लागते ही समजूत फार जुनी आहे आणि अजून गेलेली नाही. ती साफ खोटी आहे.

*

चप्पल-कांद्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. विल्यम गॉवर्स यांच्यासारख्या जुन्या डॉक्टरांनीही नोंदवलं आहे, की हातात सुरू होणारी फिट कधी कधी तो हात जोरात चोळून किंवा वर घट्ट पट्टी बांधून अडवता येते. १९५६-५७मध्ये रॉबर्ट एफ्रॉन यांनी एका गायिकेची हकीकत लिहिली. फिटची चाहूल लागताच मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा, म्हणजे जास्मिनचा, उग्र अर्क हुंगला की तिची फिट थांबे. मग अर्क हुंगताना तिला ब्रेसलेटकडे टक लावून बघायला शिकवलं. काही दिवसांनी नुसतं ब्रेसलेट पाहूनही फिट अडू लागली.

पण ती गायिका शुद्धीवर होती आणि फिट अजून मेंदूच्या एका कोपऱ्यातच होती. लाट सगळ्या मेंदूभर पसरून माणूस बेशुद्ध झाल्यावर नाकाशी काहीही धरलं तरी व्यर्थ. मग उरतो तो फक्त अपमान.

*

शिवणकामवाल्या बाईंच्या सीटी स्कॅनमध्ये अंगठ्याच्या जागेजवळ एक लहानसा पांढरा ठिपका आहे, चुना धरलेला. पट्टकृमीच्या अंड्यातून आलेली अळी मेंदूत जाऊन बसली, मेली, वण राहिला. डुकराच्या मांसाशी या कृमीचा संबंध असला, तरी अंडी पोटात जातात ती दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, गाजर-मुळ्यातून. बाई जन्माने शाकाहारी. भारतात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते टाळता येण्याजोगं आहे.

*

अंगठ्या-ओठाचा हा नकाशा मेंदूत मुळात मांडला कसा जातो? मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत शुभा टोळे मेंदूची घडण कशी होते ते शोधतात. उंदराला मिशांनी स्पर्श कळतो. त्याच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा वेगळा पुंजका असतो. वूल्सी आणि व्हान डर लूस यांनी तो १९७०मध्ये दाखवला. टोळे यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशींमधून एलएचएक्स-२ हे जनुक काढलं तर मिशांचा नकाशा बाह्यपटलाकडे येणाऱ्या वाटेवरच्या खालच्या दोन टप्प्यांत नीट उमटतो, बाह्यपटलात मात्र उमटत नाही. म्हणजे नकाशा खालून जसाच्या तसा वर येत नाही, तो वर पुन्हा मांडावा लागतो.

पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये, निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने पाहिलं, की उंदराच्या मादीला नराचा गंध कुठे होता हे लक्षात ठेवायला नाक आणि मिशा दोन्ही लागतात. स्पर्शाला आठवणीत जागा आहे.

*

दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून कडकडीत पाणी भराभर ओतून घेताना फिट येणारे लोक आहेत. बंगळुरूच्या डॉ. पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये अशा २७९ जणांचा अभ्यास मांडला. उष्णता आणि स्पर्श एकत्र लागतात. पाणी कोमट केलं की पुष्कळांचं भागतं. आपल्याकडे सीमेलगत न्हाणीघरात "हिला न्हाताना वारं लागतं" म्हणून गप्प बसवलेल्या मुली किती असतील?

*

हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या झटक्यांबरोबर एकाच ओळीत बसवला होता. १९९९मध्ये तो शब्द काढला. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः या आजारातून गेल्यावर, "संवेदना" हा स्वमदत गट उभा केला, आजार न लपवता लग्नं जुळवायचं काम घेतलं. कायदा बदलायला एक ओळ खोडावी लागली. स्थळ बघायला आलेल्यांसमोर "मला फिट येतात" हे मोठ्याने म्हणायला त्याहून खूप अधिक लागतं.

*

लायसन्सच्या अर्जात अपस्मार आहे का असं विचारतात. हो म्हटलं की स्कूटर संपली, आणि पुण्यात स्कूटर संपणं म्हणजे अर्धी नोकरी संपणं. दुसऱ्यांच्या जिवाची काळजी हवीच. पण ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही तर मोटार चालवता येते. आपल्याकडेही अशी वाट असायला हवी.

*

विसर्जनाची रात्र: जागरण आणि चुकलेली गोळी ही फिटची दोन ओळखीची निमित्तं. मंडळातल्या कार्यकर्त्यांनी हे जाणून आपल्या एखाद्या पोराला अकराला घरी धाडलं, तर त्यात ढोलपथकाचं काही कमी होत नाही.

*

औषधांनी न थांबणाऱ्या फिटवर आता पुण्यातही शस्त्रक्रिया होतात. जगात काही ठिकाणी त्याआधी मेंदूत बारीक तारा सोडून रुग्णाला कित्येक दिवस फिटची वाट बघत ठेवतात. त्या रिकाम्या वेळात संशोधक त्याची संमती घेतात, तळहातावरून ब्रश फिरवतात, कंपनं देतात आणि स्पर्श कळताना पेशी काय करतात ते थेट नोंदवतात. कुशिंगच्या दोघांपासूनची ती परंपरा अजून चालू आहे.

हे काम इथेही वाढावं असं मला मनापासून वाटतं. पाषाणच्या प्रयोगशाळा आणि शहरातली रुग्णालयं यांच्यात फार अंतर नाही. आणि ज्याने डोक्यात तारा घेऊन तळहात पुढे केला, त्याला त्यातून काय कळलं ते मराठीत लिहून, घरच्यांसमोर वाचून दाखवून, द्यावं.