डुक्कर फियाटची पट्टी

तुम्ही कधी चोरी केली आहे का? घाबरू नका, तुमच्या बाईंना सांगणार नाही. मी स्वतःच चौथीच्या वर्गाची बाई आहे, आणि चोरी मी केली होती. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चक्क मोटारीचा तुकडा!

कराडजवळ आमचं गाव. गावात डॉक्टरांचा जुना वाडा आहे. २००० साली मी चौथीत होते, तेव्हा वाड्यामागच्या पडवीत एक मोटार उभी असे. डॉक्टर आजोबा वारून बरीच वर्षं झालेली. गाडीच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या, मागच्या सीटवर कोंबड्या! पण एके काळी याच गाडीतून आजोबा रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांत जायचे. माझे बाबा त्याच गाडीत जन्मता जन्मता राहिले, असं आजी सांगायची.

सगळे तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. हे काही आमच्याच गावानं ठेवलेलं नाव नव्हतं बरं का! पुढं आलेलं नाक आणि गोलगरगरीत अंग, म्हणून मुंबई-पुण्याकडं या गाडीला हेच नाव पडलं होतं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. गिअरचा दांडा खाली नव्हता, स्टिअरिंगलाच जोडलेला होता. आम्ही तिघं मित्र रोज त्या गाडीतून मुंबईला जायचो, चिंचा खात! गाडी अर्थातच जागची हलत नसे.

एक दिवस आम्ही बॉनेट उचकटलं. आतल्या पत्र्यावर एक छोटी पट्टी होती, तिच्यावर अक्षरं आणि आकडे. गंजून सैल झालेली. मी ओढली आणि ती हातात आली. मित्रानं पुढचा फियाटचा बिल्ला घेतला. तिसऱ्याला काहीच मिळालं नाही म्हणून तो रुसला. पट्टी माझ्या बिस्किटांच्या डब्यात गेली, आणि पंचवीस वर्षं तिथंच राहिली.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमची शाळा वाड्यासमोरच आहे. एका सकाळी वाड्यापाशी एक जीप थांबली. डॉक्टरांचा नातू पुण्याला असतो. त्यानं जुन्या गाड्यांचा नाद असलेली तीन माणसं आणली होती. एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक, एक बँकेतले काका आणि एक इंजिनिअरिंगला शिकणारी ताई. वर्गात कुणाचं लक्ष लागेना. शेवटी गुरुजींची परवानगी काढली आणि परिसर अभ्यासाचा तास पडवीतच घेतला.

काय सांगू, पुस्तकात नसलेलं केवढं ऐकायला मिळालं! वालचंद हिराचंद हे आपल्या सोलापूरचे उद्योगपती. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना. आधी तिथं अमेरिकन डॉज, प्लिमथ अशा गाड्यांची जुळणी होई, मग इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. ही फियाट ११०० इटलीत १९५३ मध्ये निघाली आणि वर्षभरातच आपल्याकडं बनू लागली. इटालियन भाषेत तिला 'मिलेचेंतो' म्हणतात, म्हणजे नुसतं अकराशे. इंजिन मात्र १०८९ सी.सी.चं! (आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलानं लगेच सांगितलं, "बाई, शतकापर्यंत आसन्न किंमत!") पुढं याच घराण्यातून प्रीमियर पद्मिनी आली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली.

"पण काका, ही विंटेज गाडी आहे ना?" एका मुलीनं विचारलं. त्यावर त्या तिघांतच वाद जुंपला. नादिक मंडळी साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच विंटेज म्हणतात. त्यांच्या हिशेबानं ही 'क्लासिक'. पण सरकारनं २०२१ मध्ये नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात सांभाळलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोज बाजारात न्यायची मात्र नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

मग शोधाशोध सुरू झाली. बँकेतले काका सीटखाली हात घालून एकेक वस्तू काढत होते, आणि ताई वहीत लिहीत होती. इंजेक्शनची काचेची बाटली. पेट्रोलची पावती, तारीख पुसलेली. आणि चिंचोके. मूठभर चिंचोके!

"डॉक्टरांना चिंचा फार आवडायच्या वाटतं," काका म्हणाले.

मी गप्प.

मेकॅनिक आजोबांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडीचे कागद हरवलेले, नंबर प्लेट कुणीतरी कधीच काढून नेलेली. पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर होता, पण शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्लेले. "इथं कंपनीची पट्टी असते. तिच्यावर हाच नंबर असतो," ते रिकाम्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाले. "पूर्ण नंबर मिळाला असता तर जुन्या नोंदी शोधता आल्या असत्या. भंगारवाल्यानं नेली असणार."

भंगारवाला तर डॉक्टरांच्या सूनबाईंकडं, म्हणजे आमच्या काकूंकडं, किलोचा भाव सांगून गेलाच होता. नोंदणीचं जमलं नाही तर गाडी त्यालाच द्यायची, असं काकूंनी ठरवलं होतं.

खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. शेजारी माझे एकतीस विद्यार्थी उभे. आदल्याच आठवड्यात दुसऱ्याचा कंपास घेतला म्हणून मी एकाला भरपूर बोलले होते. तोही तिथंच होता, अगदी पुढं. मनात आलं, संध्याकाळी हळूच पट्टी आणून द्यावी आणि 'माळ्यावर सापडली' म्हणावं. ते खोटंही नव्हतं. डबा माळ्यावरच होता!

पण त्या निरपराध भंगारवाल्यावर आळ आलेला. आणि कंपासवाला माझ्याकडंच बघत होता. कदाचित उगीचच बघत असेल.

"पट्टी माझ्याकडं आहे," मी म्हणाले. "मीच काढली होती. आणि ते चिंचोकेही आमचेच."

पडवीत एकदम शांतता झाली. मी तशीच घरी गेले, डबा घेऊन आले. मेकॅनिक आजोबांनी फडक्यावर रॉकेल घेऊन पट्टी हलक्या हातानं पुसली. एकेक आकडा दिसू लागला तशी ताई मोठ्यानं वाचत गेली आणि मुलं पत्र्यावरच्या आकड्यांशी ताडून "बरोबर!" म्हणून ओरडत राहिली. शेवटचे दोन आकडे आले तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं, कारण ताडायला काही नव्हतं. ते दोन आकडे फक्त त्या पट्टीवरच उरले होते.

काकू म्हणाल्या, "अगं, चिंच कुणाची होती ते मला तेव्हाच ठाऊक होतं. पट्टीचं मात्र कळलं नाही हो."

मागून कंपासवाल्याचा आवाज आला, "बाई, तुम्ही आता अंगठे धरणार?"

धरले. पुरे एक मिनिट! सगळ्या वर्गानं आकडे मोजले, आणि मला वाटतं त्यांनी मुद्दाम सावकाश मोजले.

भंगारवाल्याला काकूंनी नाही म्हणून सांगितलं आहे. गाडी अजून सुरू झालेली नाही. कोंबड्यांना दुसरं घर मिळालं आहे, आणि जुन्या नोंदी शोधण्यासाठी नातवाच्या फेऱ्या चालू आहेत. पुढचा बिल्ला तेवढा राहिला आहे. तो नेणारा मित्र आता नाशिकला असतो, चांगला दोन मुलांचा बाप आहे. मी त्याला फोन केला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आईला विचारून सांगतो."