आजीनं खाल्लं म्हणून?

आमच्या घरात शेंगदाणा येत नाही. सोलापूरच्या माहेरवाशिणीनं हे वाक्य लिहायचं म्हणजे काय, ते शेंगाचटणीवर वाढलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं. दाणे नाहीतर दाण्याचं कूट कशात नसतं? पण माझ्या सात वर्षांच्या लेकीला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि तीही अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन कायम दप्तरात ठेवावं लागणारी. त्यामुळे आमच्याकडे पंढरपुरी डाळ्याचं नाहीतर भोपळ्याच्या बियांचं कूट असतं, आणि दुकानातून आणलेलं प्रत्येक पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय कपाटात जात नाही.

इंग्लंडला येण्यापूर्वी मी शाळेत मराठी शिकवत होते. ओळ वाचली की ‘याचा अर्थ काय?’ असं विचारायची सवय अजून सुटलेली नाही. इथल्या कायद्यानुसार चौदा घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात. त्यात शेंगवर्गातली नावं तीनच: शेंगदाणा, सोयाबीन आणि ल्युपिन. वाटाणा, हरभरा, मूग घटकांच्या यादीत असतात, पण ठळक अक्षरांत नाही. आता दुकानांत डाळी-कडधान्यांतून काढलेल्या प्रथिनांचे बर्गर, सॉसेज, ‘अंड्याविना अंडं’ असं काय काय दिसतं. हे सगळं कोण तपासतं, या प्रश्नापासून माझं वाचन सुरू झालं आणि ‘नॉव्हेल फूड’ या शब्दाशी येऊन पोचलं.

नॉव्हेल फूड म्हणजे नवं अन्न. पण नवं कोणासाठी? कायद्यानं त्यासाठी एक तारीख ठरवली आहे: १५ मे १९९७. त्या दिवसापूर्वी युरोपात जे लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात नव्हतं, ते नवं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तरी इथल्या कायद्यात ही तारीख तशीच राहिली. असा पदार्थ विकायचा असेल तर तो कशाचा, कसा बनवला, कोण किती खाणार, त्यानं काय अपाय होऊ शकतो, अ‍ॅलर्जी येईल का, याचे पुरावे विकणाऱ्यानंच सादर करायचे. ते फूड स्टँडर्ड्स एजन्सी तपासते, आणि अंतिम निर्णय मंत्री घेतात.

फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली. “अगं, त्यांनी खाल्लं नाही म्हणून ते नवं? आपण पिढ्यान् पिढ्या खातोय त्याला कसली परवानगी?”

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बारतोंडीचा, म्हणजे नोनीचा, रस युरोपात विकायला २००३ साली परवानगी मिळाली. गोरखचिंचेच्या गराला २००८ साली. असे अर्ज पाहूनच पुढे कायद्यात सोपी वाट काढली गेली: युरोपाबाहेरच्या एखाद्या देशात निदान पंचवीस वर्षं पुष्कळ लोकांच्या नेहमीच्या आहारात एखादा पदार्थ असेल, आणि तो सुरक्षित असल्याचं दाखवता आलं, तर प्रक्रिया थोडक्यात आटोपते. म्हणजे आजीचं खाणं इथं पुरावा म्हणून चालतं. फक्त त्याची नोंद लागते.

पण आजीचं खाणं पुरेसा पुरावा असतो का? माझं सासर भंडाऱ्याचं. तिकडे लाखोळीची डाळ पिढ्यान् पिढ्या खाल्ली गेली. पाऊस पडो न पडो, हे पीक येतं. इतर जेवणाबरोबर थोडी खाल्ली तर बहुतेकांना काही होत नाही. पण दुष्काळात तीच डाळ महिनोन् महिने पोटभर खावी लागली, तेव्हा देशाच्या कित्येक भागांत माणसांच्या पायांतली शक्ती कायमची गेली. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ साली भारतात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. ती बंदी योग्य होती की नाही यावर शेतकरी आणि शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. मला त्यातून एवढंच कळतं की ‘खाल्लं का?’ एवढं विचारून भागत नाही. किती खाल्लं, कशाबरोबर खाल्लं आणि कोणी खाल्लं, हेही विचारावं लागतं. चिया बियांना २००९ साली युरोपात पहिली परवानगी मिळाली ती फक्त पावात, आणि तीही पाच टक्क्यांपर्यंतच. तेव्हा हसू आलं असतं, आता येत नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण मुगाचं. मूग म्हणजे आपलं आजारपणातलं, बाळंतिणीचं, सहा महिन्यांच्या बाळाचं अन्न. त्यात काय नवं? पण मुगात प्रथिनं असतात साधारण चौथा हिस्सा. ती वेगळी काढून केलेल्या भुकटीत ती ऐंशी टक्क्यांहून अधिक असतात. ही भुकटी नवं अन्न ठरली आणि तिला युरोपीय संघानं २०२२ मध्ये परवानगी दिली. त्याआधी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिलेल्या अहवालात एक गोष्ट नोंदली आहे: सोयाबीन, शेंगदाणा किंवा ल्युपिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना या प्रथिनानं त्रास होऊ शकतो.

ते वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. माझी लेक मुगाची खिचडी आवडीनं खाते आणि तिला काही होत नाही. पण खिचडीतला मूग आणि मुगातून वेगळं काढून एका मऊ वडीत दाबलेलं प्रथिन, या दोन गोष्टी एक नव्हेत. गंमत म्हणजे आपल्या भाषेला हे नातं आधीच ठाऊक होतं. शेंगदाण्याच्या पिकाला आपण म्हणतो भुईमूग!

हा भुईमूगही आपला कुठला? तो दक्षिण अमेरिकेतून आला. मिरची, बटाटा, टोमॅटोही तिकडचेच. त्यांच्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. आज शेंगदाणा पहिल्यांदाच बाजारात येत असता, तर मला वाटतं त्याला परवानगी मिळाली असती, कारण बहुतेकांना तो मानवतो. पण सोबत ठळक अक्षरांत सूचना छापायला सांगितलं असतं. परवानगी म्हणजे सगळ्यांना पचेल याची हमी नव्हे. जोखीम मोजली आहे आणि ती कोणाला आहे हे सांगितलं आहे, एवढाच तिचा अर्थ. माझ्यासारख्या आईला तेवढं पुरतं, पण तेवढं मात्र हवंच.

आता इथं प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेल्या मांसाची तपासणी कशी करायची यावर काम चालू आहे. सिंगापूरनं तसं कोंबडीचं मांस २०२० सालीच विक्रीला मान्य केलं. ‘लवकर परवानगी द्या’ म्हणणारे कारखानदार आहेत, आणि ‘हे अन्नच नव्हे’ म्हणणारेही आहेत. माझी दोघांकडेही मागणी एकच: त्यात काय आहे ते लिहा, आणि मला वाचता येईल अशा अक्षरांत लिहा.

ही मागणी आपल्या मंडळाकडेही आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलावर चिवडा, चकल्या, लाडू असे वीस घरचे वीस डबे येतात. सगळं घरचं, प्रेमानं केलेलं, आणि कशावरही एक अक्षर लिहिलेलं नसतं. माझी लेक त्या टेबलापाशी हात मागे बांधून उभी राहते, कारण मी तिला तसं शिकवलं आहे. यंदा प्रत्येक डब्यापुढे एक चिठ्ठी ठेवाल का? दाणे, तीळ, काजू, दूध, गहू, जे असेल ते लिहायचं. मराठीत लिहा, ती आता वाचायला शिकली आहे.