सावलीचा विटाळ ते सावल्यांची भिंत

'इंटरॅक्टिव्ह आर्ट' हा शब्द डोणगावात उच्चारला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याने पोट भरते का? प्रश्न रास्त आहे. सोयाबीन-तुरीच्या शिवारात मजुरी करणाऱ्या घरांतून आम्ही आलो आहोत, भाकरीचे गणित आम्हाला कोणी शिकवायला नको. पण ज्या समाजाने डफडे, जलसा आणि पोवाडा जिवंत ठेवला, त्याला 'कलावंत' हा मान मात्र नाकारला गेला. आता कला कॅमेरा, सेन्सर आणि संगणकाच्या रूपात येत असताना आपण पुन्हा दारातच उभे राहायचे का, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

मुळात ही कला आहे काय? चित्रप्रदर्शनात 'हात लावू नका' अशी पाटी असते. इथे उलटे आहे. पाहणारा माणूस हलला नाही, बोलला नाही, त्याने स्पर्श केला नाही, तर कलाकृती पूर्णच होत नाही. मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांनी २००६-०७ च्या सुमारास सावल्यांवर काही कलाकृती केल्या. कॅमेरा पाहणाऱ्याची सावली टिपतो, संगणक ती समोरच्या भिंतीवर टाकतो, आणि अनोळखी लोकांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात. वरून पडणाऱ्या वस्तूंच्या सावल्या येऊन त्यांना चिकटतात.

कलासमीक्षक यावर काय लिहायचे ते लिहितील. आम्हाला मात्र पेशवाईतले पुणे आठवते. आपल्या पूर्वजांची सावली पडली तर विटाळ होतो म्हणून त्यांना रस्ता बंद होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. ज्या महाराष्ट्रात सावलीला जात होती, त्याच महाराष्ट्रात एका भिंतीवर सगळ्या सावल्या सारख्याच काळ्या दिसतात. भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला कोणी आडनाव विचारत नाही. या माध्यमाची ताकद इथे आहे आणि ती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

पण म्हणून यंत्र आपोआप समतावादी होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेतील एमआयटीमध्ये शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय तरुणीने एक कलात्मक आरसा बनवायला घेतला होता. समोर उभे राहिले की आपल्या चेहऱ्यावर दुसरी प्रेरणादायी प्रतिमा दिसावी, अशी कल्पना. पण चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला तिचा चेहराच दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढवला आणि यंत्राने तिला लगेच ओळखले! पुढे २०१८ मध्ये तिने टिम्निट गेब्रू यांच्यासोबत चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एका कलाकृतीतून सुरू झालेली शंका मोठमोठ्या कंपन्यांना जाब विचारण्यापर्यंत पोचली.

हे अमेरिकेचे झाले असे म्हणू नका. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून परत येणाऱ्या म्हाताऱ्या आम्ही आमच्याच वस्तीत पाहिल्या आहेत. आयुष्यभर निंदण-खुरपण आणि धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यात त्यांचा काय गुन्हा? ज्यांनी यंत्र घडवले त्यांच्या डोळ्यांसमोर हे हात नव्हते. जिथे आपण घडवणारे नसतो, तिथे आपला अंगठाही मोजला जात नाही.

यावर यंत्रालाच नकार देणे हा उपाय नाही. गांधीजींचा यंत्रविरोध बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात सडेतोडपणे खोडून काढला आहे. त्यांचे म्हणणे साधे होते : यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा छापखाना हेच काळाचे तंत्रज्ञान होते. दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसण्यापेक्षा आपले पत्र काढणे, ही आपल्या चळवळीची रीत आहे.

म्हणून जयंतीच्या बैठकीतला वाद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पोरांनी एआयने बनवलेला एक व्हिडिओ दाखवला. त्यात बाबासाहेब आजच्या राजकारणावर बोलत होते. टाळ्या पडल्या. आम्ही विचारले, हे वाक्य कोणत्या खंडात आहे? कोणालाच सांगता येईना, कारण ते कुठेच नव्हते. ज्या महामानवाने प्रत्येक विधानाला पुरावा दिला, त्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे हा आदर नव्हे. आज प्रेमापोटी आपण घालू, उद्या द्वेषापोटी दुसरे कोणी घालेल, तेव्हा कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

मग करायचे काय? बैठकीत आम्ही जात्याचा प्रस्ताव ठेवला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. आपल्या वस्तीतल्या आज्या अजून गातात. त्यांच्या संमतीने मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवायचा. जुन्या जात्याच्या वरच्या दगडाला लहानसे चुंबक चिकटवायचे, जवळ एक सेन्सर आणि आर्डुइनोचे छोटे बोर्ड बसवून ते लॅपटॉपला जोडायचे. खुंटा धरून कोणी जाते फिरवले की ओवी सुरू, हात थांबला की ओवी बंद. आयुष्यभर दळणाऱ्या बाईचे गाणे ऐकायचे असेल तर ऐकणाऱ्यालाही हात चालवावा लागेल. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि लागणारा प्रोग्राम फुकट मिळतो.

"हा पोरखेळ आहे" असे एक ज्येष्ठ म्हणाले. आम्हाला तसे वाटत नाही. चंद्रपूरच्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणीत राबलेल्या घरातून आले. कोळशानेच चित्रे काढून त्यांनी ती पडद्यावर चालती केली. पोवाडे रचणाऱ्या आजोबांचे नातू अमोल पाटील यांची कलाकृती २०२२ मध्ये जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडली गेली. आपल्या मातीतला अनुभव जगाला दाखवण्यासाठी मुंबई-पुण्याच्या परवानगीची गरज नाही.

आयटीआय आणि डिप्लोमा केलेली पोरे गावागावांत रिकामी बसली आहेत. त्यांच्या हातांत कसब आहे आणि आज्यांच्या गळ्यात इतिहास आहे. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतला थोडा वाटा या दोघांना एकत्र आणण्यासाठी काढा. डोणगावात आवाज नोंदवण्याचे काम आम्ही या महिन्यापासूनच हाती घेत आहोत. आज्या थांबणार नाहीत, तेव्हा आपणही थांबू नये.

जय भीम!