तळ्या, तुला घासायचं नाही

परसातल्या तळ्यास,

तुझ्याबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. डास होत नाहीत का, आणि पाणी कधी बदलता? दोन्ही प्रश्नांत तुझी बदनामी आहे, म्हणून उत्तर तुला लिहितोय. पण उघड, म्हणजे विचारणाऱ्यांनीही वाचावं.

आधी डासांचं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तळं लागतच नाही. फ्रीजमागचा ट्रे, कूलर, कुंडीखालची बशी, गच्चीत पडलेली करवंटी, एवढं त्याला पुरतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि त्या बशीत अळ्यांना खाणारं कुणीच नसतं. तुझ्याकडे आहे. तळाशी चतुराची मातकट अळी दबा धरून असते. दुमडलेला खालचा जबडा ती क्षणात पुढे फेकते, की डासाची वळवळणारी अळी गायब. वरच्या थरात मासे. आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळतात आणि ते काम चोख करतात. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, त्यामुळे तुझ्यापुरते ठीक, ओढ्यात सोडायचे नाहीत. गंबुशिया तर नकोच. बेडकांची पिल्लं तो सुखाने जगू देत नाही. मला विचारशील तर डोक्यावर रुपेरी ठिपका मिरवणारे आपले देशी किलीफिश बरे. ते पृष्ठभागालगतच फिरतात, आणि डासाच्या अळ्या श्वासाला वर येतात त्याही तिथेच.

तुला खणताना गवंडीदादांचा जीव सिमेंटवर होता. सिमेंटचं तळं वाईट नसतं, पण नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरत राहतो आणि त्या अल्कधर्मी पाण्यात मासे टिकत नाहीत. टाकी भरून ओतायची, पुन्हा भरायची, केळीचा खुंट चिरून त्यात कुजवायचा, असं बरेच दिवस चालतं. मी शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घेतला. तू आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मधोमध अडीच फूट खोल. कागदाचा हिशोब सोपा: लांबीत खोलीची दुप्पट आणि काठावर दुमडायला दोन फूट मिळवायचे, रुंदीतही तसंच. म्हणजे पंधरा बाय बारा. खाली वाळू, वाळूवर जुनी गोणपाटं, नाहीतर एखादी खडी कागदाला भोक पाडते. काठाला नऊ इंचांवर एक पायरी ठेवली, वेखंड आणि ब्राह्मीच्या कुंड्यांसाठी. ती पायरी बेडकांनाही चढा-उतरायला लागते.

खरी कसोटी काठाची. गवंडीदादांनी पारदर्शक नळीत पाणी भरून चारी बाजूंची पातळी धरली, तेव्हा आंब्याकडची बाजू इंचभर खाली निघाली. इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण पाणी तिथूनच ओसंडतं आणि समोरचा काळा कागद कायमचा उघडा पडतो. आंब्यापासून तुला मुद्दाम लांब ठेवलं. चार-पाच तास ऊन मिळाल्याशिवाय कुमुद फुलत नाही, आणि गळून पडलेली पानं तुझ्यात कुजली की हिरव्या पाण्याला खतपाणीच. नर्सरीवाले जलपर्णी फुकटही देतात, फूल देखणं असतं. मुळा-मुठेवरचा तो हिरवा गालिचा ज्यांनी पाहिलाय त्यांनी ती घरात आणू नये.

आता पाणी बदलण्याचं. पहिल्या पावसाळ्याआधी तू मटारच्या सारासारखं हिरवं झालंस, तेव्हा सल्ला एकच येत होता: उपसा, ब्लीचिंग टाका, ब्रशने घासा. घासलं असतं तर दगडांवरचा आणि कागदावरचा बुळबुळीत थर गेला असता. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच थरात राहतात. त्यांची वस्ती बसायला काही आठवडे जातात. तेवढ्यात कुणी ब्लीचिंग ओतलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि मासे आधी जातात. हिरवेपणा आपोआप ओसरतो. कुमुदाच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं, माशांचं खाणं हात आखडून टाकलं आणि पाण्यातल्या बारीक पिसवा वाढल्या की झालं. चकचकीत, तळ दिसणारं, निळ्या टाइल्सचं पाणी बघायचं असेल तर पोहायचा तलाव आहेच.

तू पाणी पितंस, हा आरोप मात्र खरा. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे तुझ्या आकाराला दोन-तीन बादल्या. नळाचं पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवून क्लोरीन उडालं की थोडं थोडं ओततो. ज्या सोसायटीत टँकर येतो तिथे तळं करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. जूनमध्ये पन्हळीचं पाणी तुझ्याकडे वळवतो, पहिली सर सोडून. तिच्यात वर्षभराची गच्ची धुऊन येते. मग भेक रात्रभर ओरडतात आणि सकाळी वेखंडाच्या बुडख्याभोवती त्यांची अंडी गुंडाळलेली असतात, पारदर्शक चिकट दोऱ्यात एकामागोमाग एक काळे ठिपके. बेडकांमागे कधी दिवड येतो. तो बिनविषारी आहे हे शेजाऱ्यांना दर पावसाळ्यात नव्याने सांगावं लागतं. लहान मुलं घरी येणार असली की लोखंडी जाळी तुझ्यावर बसते, तिथे वाद नाही.

थंडी सरली की गाळ काढायचा, पण निम्माच. चतुरांच्या अळ्या उरलेल्यात राहतात. काढलेला गाळ काठावर एक रात्र ठेवायचा, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत पाण्यात सरकतात. नंतर तो गुलाबांना.

राहिलं कारंजं. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की प्राणवायू कमी पडतोय हे कळतं. गरम पाण्यात तो कमीच मावतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. म्हणून छोटा पंप आणला आहे. पण कुमुदाला पानांवर पाण्याचा मारा सोसत नाही, तेव्हा तो एका कडेला, रात्री अकरा ते सकाळी सात चालेल. रंगीत दिवे लावायचे नाहीत, हे घरात ठरलं आहे.

तुझाच,
बादलीवाला