हात लावलेले मोहरे

सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की संध्याकाळ फार लांबते. बँकेत असताना हे कधी जाणवले नाही. तेव्हा संध्याकाळचा डबाही शाखेतच उघडावा लागे. निवृत्तीनंतर मात्र हा वेळ अंगावर येऊ लागला. मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला आलेल्या माझ्या बारा वर्षांच्या नातीने एके दिवशी बुद्धिबळाचा पट मांडला आणि विचारले, "आजोबा, येतं ना तुम्हाला?"

मी ऐटीत होकार दिला. लहानपणी माझ्या आजोबांकडून मी देशी पद्धत शिकलो होतो. तीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि शह मिळालेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. नातीने दोन्ही नियम रद्द केले. तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्याद्याला आरंभी दोन घरांची मुभा होती आणि राजाच्या रक्षणासाठी किल्लेकोट होता. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले, तिथे आयुष्य काढून मी ६७ व्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो. गुरू लहान असल्याचा संकोच मात्र वाटला नाही. रोहिणी खाडिलकर १९७६ साली अवघ्या १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या होत्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी मी वजीर उचलला. तो हलला की शेवटच्या पट्टीवर राजा उघडा पडतो, हे ध्यानात येताच परत ठेवला.

"हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं, आजोबा."

"अगं, चुकून लागला."

"चुकून कुठे? तुम्ही तो उचललात."

पुढच्याच चालीला तिच्या हत्तीने मात केली. मी पट आवरू लागलो, तर तिने थांबवले. प्रत्येक चाल तिने वहीत टिपली होती, अगदी रोजकीर्दीसारखी. "कुठे चुकलं ते बघू," म्हणत तिने डाव पुन्हा मांडला. चूक वजिराची नव्हतीच; दहा चालींपूर्वी मी राजासमोरची प्यादी जागची हलवली नव्हती, तिथे ती होती.

त्या रात्री मला एक तरुण रोखपाल आठवला. पगाराच्या दिवशी त्याच्या रोकडीत पाचशे रुपये कमी भरले. नियमाप्रमाणे त्याने ते खिशातून भरले आणि मी त्याला मेमो दिला. पण त्या गर्दीत त्याला एकट्याला खिडकीवर बसवण्याचा आदेश माझ्या सहीचा होता. ती चाल मी कधी तपासलीच नव्हती.

जुन्या सहकाऱ्याकडून क्रमांक मिळवून मी त्यांना दूरध्वनी केला. तेही आता निवृत्तीला आले आहेत. "त्या दिवशी तुम्हाला एकट्याला बसवायला नको होतं. चूक माझी होती," मी म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "साहेब, पाचशे रुपये. मला वाटलं, तुम्ही विसरला असाल."

जूनमध्ये नात परत गेली. आता आम्ही दर रविवारी मोबाईलवर खेळतो आणि बहुधा मीच हरतो. पण वही माझीही आहे. वाचकहो, घरात पट असेल तर नातवंडांकडून अवश्य शिका. आणि डाव संपल्यावर सोंगट्या लगेच आवरू नका.