आमचं टपाल आम्हीच परतवलं

माहूरला गडाखाली आमचं अकरा खोल्यांचं लॉज आहे. एरवी निवांत, नवरात्रात आणि दत्तजयंतीला मात्र जिन्याखालीही गादी टाकावी लागते.

2024च्या फेब्रुवारीत गूगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला 5000च्या वर मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे. आमचे दिवसाला पंधराही जात नव्हते. पण लॉजच्या नावाचं डोमेन नवंकोरं, आणि माझी हौस दांडगी.

एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकिम ही डिजिटल सही. दोन्ही फसलं तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो. सुरुवातीला ‘नन’, म्हणजे काहीच करू नका, ठेवून काही आठवडे अहवाल वाचायचे असतात. मी पोळ्याच्या सुमारास थेट ‘रिजेक्ट’, म्हणजे नाकारा, लावलं. भारी वाटलं म्हणून, दुसरं कारण नाही.

आमची मेलपेटी गूगलवर, पण बुकिंग फॉर्मचे मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरून जायचे. त्यासाठी मी एसपीएफची दुसरी नोंद केली. एका डोमेनला एकच नोंद चालते; दोन दिसल्या की तपासणी तिथेच फसते. चाचणी घेतली ती माझ्या पेटीतून माझ्याच जीमेलवर. तिथे गूगलची सही होती, पास झालो. फॉर्म भरून एकदाही पाहिला नाही. ऑनलाइन बुकिंग आटलं तेव्हा मी पावसाला दोष दिला.

गूगलकडून रोज डीमार्क अहवालाची एक झिप फाइल यायची. आत एक्सएमएल, नुसतं कंसांचं जंगल. कुठल्या सर्व्हरचे किती मेल नाकारले ते त्यातच लिहिलेलं. मी न वाचता उडवत होतो.

3 ऑक्टोबर, घटस्थापना. रात्री दहाला लातूरचं कुटुंब दारात, सोबत म्हातारी आजी. “दादा, हे बघा, ‘बुकिंग झालं’ असं आलंय की.” मोबाइलवर खरंच तसं होतं. म्हटलं, मेल नाही आला. ते म्हणाले, “आम्हालाबी नाही आला. म्हटलं, देवीच्या गावात कोण फसवतंय.” आमच्या अण्णांनी काही न बोलता आमचीच खोली रिकामी केली.

त्या रात्री दोन्ही नोंदी एक केल्या. तरी मेल परतच. पाकिटावर पाठवणारा होस्टिंगचा पत्ता आणि आत नाव आमचं. डीमार्कला दोन्हीकडे एकच डोमेन लागतं. शेवटी फॉर्मचे मेल आमच्याच पेटीतून, लॉगिन करून पाठवायला लावले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

होस्टिंगच्या खात्यात एक पेटी होती, कधी न उघडलेली. परतलेले सगळे मेल तिथे साचलेले, पाहुण्यांच्या फोन नंबरसकट. सकाळपासून एकेकाला फोन लावत बसलो. पुसदच्या एका काकूंनी माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “बरं, मग खोली आहे का?”

नव्हती.