चालू रीडिंगच्या जागी 'लॉक'

२०२४ च्या मे महिन्यात मिरजेला गेले, तेव्हा आई पेन्शनचे पैसे पुढ्यात घेऊन बसली होती. ५,०४० रुपयांचं वीजबिल आलं होतं. घरात ती एकटी. दोन ट्यूबलाइट, पंखा, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर. एसी नाही, गिझरही नाही.

"परवा शेवटची तारीख आहे. लाइन कापली तर या उन्हात काय करू?" ती म्हणाली.

तिच्या लेखी बिल म्हणजे रक्कम आणि तारीख. दोन्ही तिने आयुष्यभर कधी चुकवली नाहीत. त्या दिवशी मात्र मी तिला नोटा परत डब्यात ठेवायला लावल्या आणि खुंटीवरची, तारेत ओवलेली जुनी बिलं खाली काढली.

जानेवारी ते एप्रिल, चारही बिलांवर चालू रीडिंगच्या जागी एकच शब्द होता : लॉक. वापर दर महिन्याला बरोब्बर ६० युनिट. मीटर ओसरीवर आहे आणि ओसरीच्या जाळीच्या दाराला आई दुपारी कुलूप लावते. तिला ऐकू कमी येतं. रीडिंग घेणारा मुलगा हाका मारून गेला असणार. घर बंद समजून त्यानं लॉक लिहिलं आणि कंपनीनं अंदाजानं बिल धाडलं. आई ती सरासरीची बिलं भरत राहिली. मे महिन्यात भांडीवाल्या बाईंनी दार उघडलं, खरं रीडिंग मिळालं आणि मागच्या डिसेंबरपासूनचे ४७५ युनिट एकदम बिलात आले.

आता ४७५ युनिट तिने वापरलेच होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. पाच महिन्यांत वाटले तर महिन्याला ९५ पडतात. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे असतात : १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वीज आकाराचा दर दुपटीहून जास्त होतो, तिसऱ्यात आणखी चढतो. आई दर महिन्याला पहिल्याच टप्प्यात होती. पण सगळे युनिट एकाच महिन्याचे धरल्यामुळे त्यातले १७५ थेट तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसले होते. शिवाय वीज शुल्क टक्क्यांत असतं, १६ टक्के. मूळ रक्कम फुगली की तेही फुगतं. आधी भरलेल्या बिलांचे पैसे वजा करूनही ५,०४० उरले ते यामुळे.

दुसऱ्या दिवशी पाचही बिलं घेऊन आम्ही दोघी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी आधी आईलाच समजावलं, "मावशी, मीटरनं दाखवलंय तेवढंच बिल आहे."

"युनिट मान्य आहेत," मी म्हटलं. "ते एका महिन्याचे नाहीत. स्लॅबचा फायदा पाच महिन्यांत विभागून द्यायला हवा."

त्यांनी चार बिलांवरचं लॉक बोटानं मोजलं. "अर्ज द्या. बी-८० करावं लागेल."

बी-८० म्हणजे बिलाची दुरुस्ती. त्यासाठी तीन खेपा झाल्या. बहात्तर वर्षांच्या बाईला एकटीला हे जमलं असतं का, या विचारानं मला अजून राग येतो. देय तारीख मधेच उलटली. त्या रात्री आई दोनदा उठून दिवा लागतो का बघून आली. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस गेल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तिनं मान डोलावली, पण झोप काही लागली नाही.

तिसऱ्या खेपेला साहेबांनी त्याच बिलावर लाल पेनानं ५,०४० वर काट मारली, शेजारी १,७५० लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आईनं चष्मा लावून तो आकडा बराच वेळ पाहिला आणि तिथल्याच खिडकीवर पैसे भरले.

निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर मोठ्या आवाजाची बेल बसवून घेतली. आईला मीटर कसा वाचायचा ते दाखवलं. पडद्यावर आकडे फिरत राहतात, त्यातला केडब्ल्यूएचचा आला की लिहायचा, दशांश चिन्हापुढचा सोडायचा. स्टुलावर न चढता दिसतो का, हेही पाहिलं. दिसतो.

जूनच्या बिलानंतर तिचा फोन आला. "ऐक, ९१ युनिट. मी कॅलेंडरवर लिहिलेल्याशी जुळतंय."